एकाच किल्लीची दोन मशिनं

मी हट्टी आहे, हे घरात सगळ्यांनी केव्हाच मान्य करून टाकलंय. दादा मात्र त्याला खोड म्हणायचा.

वागळे इस्टेटमधल्या छोट्या गाळ्यात आम्ही दोघं बहीणभाऊ क्रिप्टोचं मायनिंग करायचो, म्हणजे मशिनं राबवून डिजिटल नाणी कमवायचो. ग्राफिक्स कार्डं दिवसभर घोंघावत आकडेमोड करायची आणि वीज खायची. कुणाला त्या नाण्यांच्या व्यवहारांच्या नोंदीत लबाडी करायची, तर बाकी सगळ्यांच्या मिळून असलेल्या ताकदीपेक्षा जास्त मशिनं आणि वीज ओतावी लागे. हा खर्च हाच नोंदी सांभाळणाऱ्या त्या नेटवर्कचा पहारा. मग नेटवर्कने पद्धतच बदलली. आता राबायचं नाही, तारण ठेवायचं. आपली नाणी अडकवायची, नोंदी तपासायच्या आणि दर काही मिनिटांनी आपलं मत सही करून पाठवायचं. लबाडी केली तर तारण कापलं जातं आणि वर हकालपट्टी. पूर्वी चोराची वीज फुकट जायची, आता त्याची ठेवच जाते. मला हे जास्त पटलं.

कार्डं विकली आणि होती नव्हती ती सगळी कमाई आम्ही तारणात घातली. मशीन डोंबिवलीच्या घरी लावलं. तिथे शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि इन्व्हर्टर पुरेलच असं नाही, म्हणून दादाने गाळ्यातही एक मशीन तयार ठेवलं, त्याच किल्लीचं. किल्ली म्हणजे सही करायचा गुप्त कोड. ते मशीन बंदच असायचं, कारण एकाच किल्लीने दोन मशिनं सह्या करू लागली, तर नेटवर्क कारण विचारत बसत नाही. सरळ लबाडी धरतं.

एका शुक्रवारी दुपारी घरच्या मशीनची मतं यायची थांबली. आईबाबा गावी, घराला कुलूप. दादा बाइक काढून निघाला, मी गाळ्यातच थांबले, आणि शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून त्याचा फोन आला.

"अगं, दुसरं चालू कर ना! लाइट गेलीये तिकडे."

"घरी इन्व्हर्टर आहे. मशीन बंद पडलंय हे कशावरून?"

"मतं येत नाहीयेत, अजून काय पाहिजे? किती घाबरतेस!"

"गैरहजेरीचा दंड किरकोळ आहे, दादा. डबल सहीचा नाही. तू दार उघड, बघ, मग सांग."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पुन्हा फोन, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "त्यात माझीपण मेहनत आहे. करतेस की नाही?"

"नाही."

त्याने फोन आपटला. मला रडू यायचं बाकी होतं. तो बरोबर असेल, तर मी उगाच नुकसान करत होते. तरी बटणाला हात लावला नाही. स्क्रीनवर गैरहजेरीच्या लाल रेघा वाढत गेल्या आणि मी त्या मोजत बसले. आणि अचानक एक हिरवी रेघ आली. घरचं मशीन मत देत होतं.

थोड्या वेळाने दादाचा फोन आला. तो घरात पोचला होता. मशीन इन्व्हर्टरवर पूर्ण वेळ चालूच होतं, फक्त इंटरनेट गेलं होतं आणि ते येताच सह्या पुन्हा जायला लागल्या होत्या. आवाज पार उतरलेला.

"तू... खरंच नाही ना केलेलंस चालू?"

"नाही."

त्याने तेच अजून दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नीट उत्तर दिलं. मग फोन ठेवला आणि गाळ्यातल्या मशीनवरची किल्ली पुसून टाकली. त्याला विचारलं नाही.