गेरूने न जाणारी नागीण

राळेगावच्या अलीकडच्या त्या गावात माला काकूंचा मान सरपंचाहून मोठा. सरपंच पाच वर्षांनी बदलतो, काकूंचा गेरू तीस वर्षं तोच. कुणाच्या अंगावर नागीण उठली, जळजळत्या फोडांचा पट्टा कमरेभोवती सरकायला लागला, की माणूस काकूंच्या ओट्यावर. काकू गेरू उगाळणार, फोडांभोवती कडं काढणार, ओठांत काहीतरी पुटपुटणार. पंधरवड्यात नागीण साफ. विजयमाला हे त्यांचं कागदावरचं नाव पोस्टमन सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि नागीण निघाली ती काकूंच्याच घरात! निदान गाव तसं म्हणत होतं. नात अर्पिता, वय अकरा. जन्मापासून तिच्या पाठीवर बेडकाच्या अंड्यांसारखे बारीक फोडांचे घोस. दुखत नसत, पण पाझरत. शाळेच्या शर्टाखाली फडकं बांधायचं, दुपारपर्यंत ते चिंब. तालुक्याच्या एका डॉक्टरने चामखीळ समजून दोनदा जाळले. जाळले त्याच्या दुप्पट उगवले.

यंदा फोड कण्याच्या पलीकडे सरकले आणि गावात कुजबुज सुरू झाली. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस संपतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भगवानरावांना तर स्वतःच्या घरातल्यापेक्षा शेजारच्या घरातली भांडी जास्त स्पष्ट ऐकू येतात. ते चार जणांना घेऊन ओट्यावर हजर. काकूंचा मुलगा गोपालही त्यांच्याच बाजूने, बापाचं काळीज. त्याने अर्पिताला पुढे बसवलं.

"लावा गेरू, वहिनी," भगवानराव म्हणाले. "साऱ्या गावाले लावता, अन् घरच्या पोरीले नाई? का गुन संपला?"

काकूंना कळत होतं, गेरू लावला की गोपाल निवांत होणार आणि पोरगी आणखी वर्षभर घरीच पाझरत बसणार. नाही लावला तर तीस वर्षांचं नाव गेलं. त्यांनी सहाण पालथी घातली.

"माह्या गेरूनं आजवर एकबी नागीन गेली नाई," त्या म्हणाल्या. "ते पंधरा दिवसांत आपली आपन सुकते. गेरू लावला का तुमचे नखं दूर राह्यतात, येवढाच त्याचा गुन. हे अकरा वर्सांत सुकली नाई, म्हून हे नागीनच नाई. ज्याले वाटते त्यानं आपल्या घरी जाऊन वाटून घ्यावं."

भगवानराव चौघांना घेऊन ओट्यावरून उतरले. गोपाल रुसून वावरात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आजी-नात यवतमाळला. चामडीच्या दवाखान्यातला तरणा डॉक्टरही 'चामखीळ, जाळणे' असं लिहायला लागला, तर काकूंनी कागदावर पंजाच ठेवला. दोनदा जाळलंय, तिसऱ्यांदा नाही. आधी एक फोड टोचून पाहा, आत काय आहे. टोचला. नितळ पाणी आलं, मागून रक्ताची रेघ. तरण्याने 'चामखीळ' खोडलं आणि आतून मोठ्या बाईंना, आभा मॅडमना, घेऊन आला.

सोनोग्राफी झाली, नागपूरला एमआरआय झाला. पोरगी पोटात असतानाच अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या वेड्यावाकड्या घडून त्यांच्या पिशव्या झाल्या होत्या. मूळ खोल, वर दिसत ते नुसते बुडबुडे. वरचे जाळून काय होणार? खोलातल्या पिशव्यांत सुईने औषध सोडायचं, वरच्यांवर लेझर. पाझर कमी होईल, पण पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, मॅडम म्हणाल्या. पूर्ण जाईल असं न म्हणणारं माणूस काकूंना या धंद्यात पहिल्यांदाच भेटलं. त्यांनी तिथल्या तिथे विश्वास टाकला.

वर्षभर खेपा झाल्या. थोडे बुडबुडे अजून आहेत, पण फडकं सुटलं.

आणि गावाने गेरू सोडला म्हणता? मग तुम्हाला गाव माहीत नाही. गेल्या महिन्यात भगवानरावांच्या बायकोला नागीण उठली आणि दोघं ओट्यावर. काकूंनी आधी दवाखान्यात पिटाळलं. तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू करा, मग या. आले. अर्पिता गेरू उगाळत बसली होती, पांढरा शर्ट पाठीवर कोरडा ठक्क.

भगवानरावांना राहवेना. ते तोंड अन् शेपटीचं मग काय झालं, त्यांनी विचारलं.

अर्पिताने मानही वर केली नाही. "भेटून गेले दोघं, आजोबा. मी सातवीत गेली."