पुलापलीकडचे टक्के

पायवाल्या बाई रागावल्या की त्यांची कानस जोरात चालायची. शेजारच्या खोलीत मी रुग्णांना नव्या पायावर चालायला शिकवायचे. भिंतीपलीकडचा आवाज ऐकूनच मला कळायचं की आज कुठला तरी साहेब वर्कशॉपात डोकावून गेलाय.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्यांनी एकतीस वर्षं पाय बनवले. तुटलेल्या पायाच्या खुंटावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, त्या साच्यातून खुंटाची हुबेहूब नक्कल ओतून काढायची, ती कानशीनं घासायची आणि भट्टीत मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा तिच्यावर ओढून बसवायचा. "हाड टोचतं तिथे केसभर जागा सोडायची," त्या म्हणायच्या. "माणूस रडतो तो तेवढ्या केसासाठी." रुग्णांशी मऊ, बाकी जगाशी फटकळ. लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं.

तो भाऊ बावीस वर्षांचा असताना पत्रा कापायच्या यंत्रात त्याचा उजवा पाय गेला. गुडघ्याखाली जेमतेम चार बोटं लांबीचा खुंट उरला. पहिला पाय बाईंनीच बनवला. तो घालून चार पावलं टाकल्यावर तो म्हणाला होता, "ताई, मी लाथ मारीन तिथे पाणी काढीन, फक्त लाथ तुझ्या हातची पाहिजे." आमच्या राज्यानं त्याला पन्नास टक्के अपंगत्वाचा दाखला दिला. चाळीसच्या वर असलं की महिन्याचं निवृत्तिवेतन, राखीव जागेवर नोकरी आणि दर तीन वर्षांनी नवा पाय मिळायचा.

पुढे त्याच्या बायकोला नदीपलीकडच्या गावात शाळेत नोकरी लागली आणि दोघं पूल ओलांडून तिकडे राहायला गेले. नदीपलीकडे दुसरं राज्य. तिथे दाखला नव्यानं काढावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी तक्त्यात पाहिलं आणि लिहिलं, पस्तीस. निवृत्तिवेतन बंद, नोकरीचा अर्ज बाद, नवा पायही नाही. बाईही देऊ शकत नव्हत्या, कारण आता त्याचा पत्ता पलीकडचा होता.

बाई रजा टाकून तिकडच्या कचेरीत गेल्या. मी सोबत होते.

"अपंगत्व किती धरायचं हा ज्या त्या राज्याचा अधिकार आहे," तिथला अधिकारी म्हणाला.

"पूल ओलांडताना त्याचा पाय उगवला का?"

"आमच्या तक्त्यात पस्तीसच आहेत, बाई."

"तक्ता कोणी केला?"

"माझ्या आधीच्यांनी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजधानीला पहिलं पत्र लिहिलं. देश एक, माणूस एक, तर तक्ताही एकच हवा. सहा वर्षं त्या लिहीत राहिल्या. दवाखान्यात लोक हसायचे. मी हसले नाही, पण एकदा म्हणाले, "आपल्याकडचा तक्ता बरा आहे, कारण इथले लोक दहा वर्षं कचेरीसमोर धरणं धरून बसले होते. राजधानीनं त्यापेक्षा वाईट केला तर?"

"शहाण्याला पन्नास आणि पस्तीसमधलं बरं कोणतं ते कळतं," बाई म्हणाल्या. मी विषय सोडून दिला. अजून जोर लावायला हवा होता, असं आता वाटतं.

अखेर राजधानीत समिती बसली आणि बाईंना बोलावणं आलं. त्यांनी पिशवीतून भावाच्या खुंटाची प्लास्टरची नक्कल काढली आणि समितीपुढच्या टेबलावर ठेवली. "याला पुलाच्या अलीकडे पन्नास म्हणतात, पलीकडे पस्तीस. कोणाला फरक दिसला तर मला दाखवा." कोणालाच दिसला नाही. पेपरात फोटो आला. दवाखान्यात केसपेपर काढून देणाऱ्या मुलीनं तो कापून आपल्या खिडकीच्या काचेला आतून लावला. तिचाही डावा पाय घोट्याच्या वरून गेलेला, आणि ती खिडकी तिला राखीव जागेवर मिळालेली होती.

वर्षानं सगळ्या देशासाठी एकच तक्ता आला. गुडघ्याखाली खुंट आखूड असेल तर बेचाळीस. लांब असेल तर चौतीस. राज्यांनी आपापले तक्ते रद्द करावेत.

भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन पूल ओलांडून आला. "ताई, बेचाळीस. सगळं परत मिळणार."

बाईंनी पुडा उघडलाच नाही. वर्कशॉपाची वही काढून त्या लांब खुंटाच्या माणसांच्या नावांवरून बोट फिरवत होत्या. आमच्याकडे ही सगळी माणसं पन्नासवर होती. आता सगळी चौतीसवर, म्हणजे चाळीसच्या खाली आली होती.

"तू माझ्यासाठीच लढलीस ना?" भावानं विचारलं.

"हो. फक्त तुझ्यासाठी. तिथेच माती खाल्ली."

भाऊ पुडा टेबलावर ठेवून निघून गेला. पुढे चार महिने बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

केसपेपरवालीचा खुंट लांब; तिचा दाखला नव्यानं चौतीसचा झाला आणि तिची नेमणूक संपली. निरोप घ्यायला ती वर्कशॉपात आली. रडली नाही, भांडलीही नाही. "तुमचा फोटो काचेवरून काढून ठेवलाय. पुढची बाई काच पुसेल म्हणून," एवढंच म्हणाली. बाईंनी हातातली कानस खाली ठेवली.

मग पुन्हा पत्रं. आता मागणी वेगळी होती. खालची रेघ राजधानीनं आखावी, तिच्याखाली कोणाला जाऊ देऊ नये, पण कुठल्या राज्याला वर जायचं असेल तर जाऊ द्यावं. आमच्या राज्यानं कळवलं, तो अधिकार आता आमच्याकडे नाही. राजधानीनं कळवलं, राज्याकडून प्रस्ताव आलेला नाही. बाईंनी दोन्ही उत्तरं माझ्यापुढे आपटली. "माणसाला खाली ढकलायचं असलं की दोघांनाही अधिकार असतो. वर घ्यायचं म्हटलं की दोघंही लुळे. आणि टक्केवारी आमची काढतात."

केसपेपरवालीचा पाय तोवर सैल होऊन खुंट सोलवटत होता. बाईंनी तिला बोलावून माप घेतलं, पाय बनवला आणि वहीत ठसठशीत लिहिलं: "टक्के चौतीस. पाय दिला. आक्षेप असल्यास मला विचारावं." आक्षेप आला. चौकशी झाली, एक वेतनवाढ गेली. त्यानंतरही त्यांनी तसेच अकरा पाय दिले आणि अकरा वेळा तेच वाक्य लिहिलं.

अबोला भावानंच मोडला. एका सुट्टीच्या दिवशी येऊन तो न विचारताच वर्कशॉपात पत्रे कापायला बसला. "माझे बेचाळीस परत देता येत नाहीत, ताई," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "देऊही नकोस. रेघेवर काप, वाकडं जातंय."

बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी राज्यानं स्वतःच्या पैशातून चौतीसवाल्यांना पाय द्यायला सुरुवात केली. फक्त पाय. राखीव नोकरी नाही, निवृत्तिवेतन नाही. वर्कशॉपात साहेबांनी बाईंचं अभिनंदन करायला गुच्छ आणला होता. "उभं राहायला पाय दिलात, आता उभं राहायचं कुठे ते कोण सांगणार?" असं विचारून त्यांनी तो गुच्छ साहेबांच्याच हातात परत दिला.

केसपेपरवाली आता कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. स्टूल ठेवायला मालक तयार नाही. गेल्या आठवड्यात बाई त्या मालकाशी भांडून आल्या, आणि उद्या परत जाणार आहेत. मलाही सोबत यायला सांगितलंय.