वाढ

प्रोस्टेटच्या गाठीतल्या ज्या पेशी वाढायच्या घाईत असतात, त्यांच्यात एक प्रथिन सापडतं. तपासणीत रंग टाकला की तेवढ्याच पेशी तपकिरी दिसतात. माझ्यासोबतच तपासणी झालेल्या सावंतांनी दवाखान्याच्या बाकावर मला आपला रिपोर्ट दाखवला. त्यातल्या फोटोत जेमतेम दोन-चार ठिपके होते. माझ्या फोटोवर मोहरीची बरणीच उपडी झालेली.

"तुमची वाढ जरा जास्त आहे," डॉक्टर मघाशीच मला म्हणाले होते.

शाळेत उंचीप्रमाणे रांग लावली की मी कायम सगळ्यांत पुढे. "याची वाढ खुंटलीय," मास्तर म्हणायचे, आणि मी मागच्या उंच पोरांवर जळायचो. आता या वयात माझ्यात काहीतरी भराभर वाढतंय, आणि मी सावंतांवर जळतोय. माणूस भला आहे, त्याचाच जास्त राग येतो.

सावंतवहिनींनी डबा उघडला. सावंत निवांत जेवायला लागले.

"भाऊजी, तुम्हालाही वाढू ना?" वहिनींनी विचारलं.

"कमीच वाढा," मी म्हणालो.

वहिनींनी हात आखडता घेतला. पण मी बोललो ते त्यांना नव्हतं.