हिरव्या गाडीच्या बॉनेटखाली

धड चालणाऱ्या गाडीचे किस्से होत नाहीत. ती जाते, येते, सांगणार काय? बंद पडणाऱ्या गाडीभोवती मात्र चार माणसं जमतात, चहा येतो, आणि चहासोबत किस्सा. कारंजातले आमचे सुमतिलाल शेठ धान्याचे अडते. त्यांच्या शेडमध्ये साठेक वर्षांची, दोन सीटची, इंग्लंडमध्ये बनलेली हिरवी स्पोर्ट्स कार आहे. वडिलांनी मुंबईच्या एका इंग्रज साहेबाकडून घेतलेली. तिच्या कृपेने आमच्याकडे इतके किस्से साठलेत की ठेवायला शेडला एक खोली वाढवावी लागेल!

मंडळी तीनच. शेठ, कामरगावचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे रऊफमिस्त्री, आणि स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा मी. चौथ्या कुसुमकाकी, शेठच्या पत्नी. त्या गाडीला 'सवत' म्हणतात. पुण्यातल्या निखिलचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा, एकच धोशा, "बाबा, विकून टाका." शेठ सत्तरी ओलांडलेले, गुडघे कुरकुरणारे. मुलाचंही चूक नाही. पण गाडी गेली तर शेठ सकाळी उठून करणार काय, या विचाराने आम्हालाच धडकी भरायची.

*

रऊफमिस्त्री पहिल्यांदा आले ते ट्रॅक्टरच्या पान्यांची पेटी घेऊन. बाराचा पाना लावला, सैल. अकराचा लावला, बसेना. पुन्हा बाराचा. या गाडीचा एकूण एक नट इंचात, आणि मिस्त्रींची अख्खी पेटी मिलिमीटरमध्ये!

शेवटी त्यांनी पावडरच्या डब्याचा पत्रा कापला, पट्टी करून पाना आणि नट यांच्यामध्ये खुपसली आणि जोर लावला. नट सुटला. मिस्त्री घाम पुसत म्हणाले, "शेठजी, इंग्रज गेला, पन जाता जाता नट कसून गेला!"

पुढे मी इंचाचे पाने मागवून दिले. ते अजून पेटीत तसेच आहेत, तेलकागदात. पत्र्याची पट्टी मात्र झिजून तिसरी चालू आहे.

*

या गाडीची बॅटरी उलटी असते. सगळ्या जगात मायनसची वायर बॉडीला, हिच्यात प्लसची. मिस्त्रींनी आपली ट्रॅक्टरसारखी जोडली. किल्ली फिरवताच डॅशबोर्डमागून धूर!

वायरिंग बदलण्यात पंधरा दिवस गेले. पुन्हा चूक नको म्हणून मिस्त्रींनी बॉनेटच्या आतल्या बाजूला लाल रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'उलटं तेच बरोबर'.

काकी चहा घेऊन आल्या, पाटी वाचली आणि म्हणाल्या, "हे इथं कायले लिवलं? यायच्या दुकानातल्या गादीच्या वर लिवा!"

*

इंजिनाखालून तेल गळतं. किती गॅस्केटं बदलली, मोजलेली नाहीत. खाली एक पसरट डबा ठेवलेला असतो. शेडमागच्या शेतातला नामदेव दर शुक्रवारी येऊन तो डबा आपल्या डबड्यात रिकामा करून न्यायचा.

एकदा मिस्त्रींनी हट्टाला पेटून इंजिन उतरवलं आणि गळती खरोखर थांबवली. शेठनी पेढे वाटले. शुक्रवारी नामदेव आला. कोरडा डबा उलटासुलटा करून पाहिला आणि थेट मिस्त्रींवर घसरला.

"काहून बंद केलं? माह्या बंडीच्या चाकाले वंगन आता कोठून आनू?"

मिस्त्री ओशाळले. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा गळायला लागली. मिस्त्रींनी स्वतः नामदेवला निरोप धाडला!

*

दोन कार्बोरेटर आहेत. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, आणि ते कळतं आवाजावरून. मिस्त्री फवारणी पंपाच्या नळीचं एक टोक कानात घालतात, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. शेठ तर हात जोडूनच उभे राहतात, डोळे मिटून.

एकदा शेजारच्या बाई विरजण मागायला आल्या. बॉनेटपुढे वाकलेले मिस्त्री, डोळे मिटलेले शेठ, सगळीकडे चिडीचूप. बाईंनी हळूच चपला काढल्या आणि पदर डोक्यावर घेतला.

पाच मिनिटांनी मिस्त्री म्हणाले, "जमलं." बाईंनी नमस्कार केला. विरजण विसरूनच गेल्या.

*

ऐन सोयाबीनच्या दिवसांत शेठना चाचणी घ्यायची हुक्की आली. कामरगावच्या वाटेवर शेतकऱ्यांनी अर्ध्या डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं. समोरून जीप आली, शेठनी गाडी बाजूला घेतली, आणि आमची ही ठेंगणी गाडी पोटाने रास ओढत चांगली वीस हात गेली. मग बंद.

शेतकरी धावत आला. गाडी ओळखली, शेठना ओळखलं. आम्ही खाली वाकून मुठीमुठीने सोयाबीन काढत होतो. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "शेठजी, बाजारात येईपर्यंत तरी थांबा ना! आता रस्त्यावरूनच उचलून राह्यले काय?"

शेठनी तिथल्या तिथे हात जोडले. ही गोष्ट निखिलपर्यंत पोचायला एक दिवस लागला.

*

तिथेच खरी गडबड झाली. निखिलने गिऱ्हाईक शोधलं. इंदूरचे एक शौकीन, जुन्या गाड्या गोळा करणारे. शेठ नाही म्हणाले नाहीत. मुलाशी वाद घालायचं वय नाही म्हणाले. फक्त आठवडाभर शेडमध्ये फिरकले नाहीत, की आम्हाला बॉनेट उघडू दिलं नाही.

ते गृहस्थ ट्रक घेऊनच आले. सोबत निखिल. गाडीभोवती फेरी मारून त्यांनी खुशीत बॉनेट उचललं आणि थबकले. बॅटरीच्या मागे काड्या-गवताचं घरटं. मोबाइलचा उजेड टाकला, तर आत तीन पांढरी अंडी!

"हात नोका लावू!" काकी मागून कडाडल्या. "पाखरू बुजते."

शेठच्या घरी मुंगीलाही आधी वाट देतात. निखिल त्याच घरात वाढलेला. त्यानेच मान खाली घालून सांगितलं, "पिल्लं उडेपर्यंत गाडी हलवता येणार नाही. आमच्याकडे ते चालत नाही."

"कितने दिन?"

"आता पाखराले काय तारीख इचारता येते?" काकी म्हणाल्या.

गृहस्थांना अमरावतीला आणखी एक गाडी बघायची होती. दुपारी ट्रक तिकडे गेला, आणि संध्याकाळी निखिलला फोन आला की तीच घेतली. निखिल बॅग भरायला आत गेला.

शेडमध्ये आम्ही चौघं उरलो. शेठना भरून आलं. दुरूनच घरट्याला हात जोडून म्हणाले, "मुका जीव, पन माह्यासाठी धावून आला." मिस्त्रींनीही डोळे पुसले. मला तर वाटलं, आता बॉनेट हळूच मिटावं आणि पंधरा दिवस इकडे फिरकूच नये.

काकी पुढे झाल्या. घरट्यात हात घातला, एक अंडं उचललं आणि सरळ तोंडात टाकलं! कुडुम् आवाज झाला. शेठ मटकन टायरवर बसले. मिस्त्रींच्या तोंडून फक्त "या अल्ला!" निघालं.

काकींनी दुसरं उचलून मिस्त्रींपुढे धरलं.

"घ्या. पेपरमिंट हाय."