माझ्या गळ्यावर लावलेली गिटार

शिवांजलीची व माझी ओळख मुरुम येथील प्रौढ साक्षरता वर्गात झाली. हा वर्ग जिल्हा परिषदेच्या शाळेत सायंकाळी भरतो. मी त्या वर्गाची विद्यार्थिनी होते आणि शिवांजलीच्या आई महानंदाबाई आमच्या शिक्षिका होत्या. शिवांजली स्वतः तेथे शिकण्यास येत नसे. दहावीची परीक्षा झाल्यावर तिच्या वडिलांनी घरात गिटार वाजवण्यास मनाई केली होती. शाळेत वाजवण्यास मनाई केलेली नाही, असा अर्थ त्या मायलेकींनी काढला होता. म्हणून ती आईबरोबर येई व शेवटच्या बाकावर बसून हळू आवाजात वाजवी.

पहिल्या दिवशी मी पाटीवर जोडाक्षर गिरवीत असताना मागून तारेचा आवाज आला. मी, गजरा, तरुणपणापासून आराधीण आहे. देवीची गाणी म्हणणाऱ्या आमच्या मेळ्यात तुणतुणे माझ्याकडे असते. तार वाजली की माझी मान आपोआप वळते.

"वर्गात कोण गं तुणतुणं वाजवतंय?" मी विचारले.

सर्व बायका हसल्या. माझ्या शेजारी बसणारी सिताबाई म्हणाली, "तुणतुणं न्हाय ते, गजरे. गिटार हाय. तुझ्या तुणतुण्याची शिकलेली नात समज."

"नात असंल तर आजीच्या पाया पडाया सांग की."

शिवांजली लगेच उठली आणि गिटार गळ्यात असतानाच माझ्यासमोर वाकली. तेव्हा गिटारीचे टोक सिताबाईच्या कपाळावर आपटले.

"पाया हिच्या पडती आन् प्रसाद मला देती व्हय गं!" सिताबाई कपाळ चोळीत ओरडली. त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही.

शिवांजली तेव्हा सोळा वर्षांची होती. अंगाने किरकोळ, केस कायम सुटलेले, आणि एका जागी बसणे तिच्या स्वभावातच नव्हते. हातात गिटार नसेल तर ती बाकावर बोटे वाजवी. बाक नसेल तर स्वतःच्या गुडघ्यावर वाजवी. तिच्या डाव्या हाताच्या बोटांची टोके तारांनी टणक झाली होती. ती गिटार कलबुर्गी येथील तिच्या मावसभावाची होती. त्याने कॉलेजात असताना हौसेने घेतली व नंतर कपाटावर टाकून दिली. तीच आणून ही मुलगी मोबाइलवर पाहून शिकली. समोर बसवून शिकवणारे कोणी नव्हते. तरीही एकदा ऐकलेले गाणे ती दुसऱ्या वेळी वाजवून दाखवी, आणि तिसऱ्या वेळी त्यात असे काही घाली की मूळ गाणे म्हणणाऱ्यानेही थांबून ऐकावे. हे मी स्वतः अनुभवले आहे.

तिचे वडील राजशेखर यांचे बसस्थानकाजवळ जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की त्यातील तांब्याची तार काढून नवी भरणे हे त्यांचे काम. माणूस सरळ आहे. मुलीने लातूरला राहून शिकवणी लावावी आणि डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. एके सायंकाळी ते दोघींना नेण्यासाठी शाळेच्या दारात आले, तेव्हा गिटार वाजतच होती.

"मावशी, तुम्ही मोठ्या हाव, तुम्हीच सांगा हिला," ते मला म्हणाले. "गिटारीवर पोट भरणारा एक माणूस मुरुमात दाखवा. मी सोता हिला त्याच्या दारात नेऊन सोडतो."

"माझं भरलं की तारेवर," मी म्हणाले. "ते बी एकाच तारेवर."

"तुमचं देवीनं भरलं. हिचं कोण भरंल?"

"मी भरीन, अप्पा," शिवांजली मागून म्हणाली.

"तू आधी डोक्यात फिजिक्स भर."

बायका हसल्या, परंतु शिवांजली हसली नाही. तिने तेथेच वडिलांना सांगितले की, पुण्यातील एका संगीत संस्थेने तिला बोलावले आहे. आईच्या मोबाइलवरून तिने आपले वाजवणे पाठवले होते. संस्थेत राहून दोन वर्षे शिकता येणार होते व अकरावी-बारावी बाहेरून करता येणार होती. मात्र त्याआधी समोर बसवून ऐकणार होते. राजशेखर उंबरा ओलांडून आत आले. मग म्हणाले, "निवड झाली तर जा. मी आडवा येणार न्हाय. न्हाय झाली तर लातूर, आन् ही गिटार माळ्यावर. परत नाव काढायचं न्हाय. चालंल?"

"चालंल," ती म्हणाली. तिचा आवाज खंबीर होता, पण बोटे बाकावर वाजत होती.

अभ्यासात लक्ष लागावे म्हणून तिचा मोबाइल वडिलांनी आधीच स्वतःकडे ठेवला होता. पुण्याला काय वाजवायचे, हा प्रश्न घेऊन ती माझ्या घरी आली.

"आजी, तिथं येणारी सगळी पोरं तीच ती गाणी वाजवणार. मला तुमचं एखादं द्या. मेळ्यातलं."

मी तिला देवीच्या साजशृंगाराचे एक गाणे दिले. पुढे महिनाभर ती रोज दुपारी माझ्या ओट्यावर येत असे. मी म्हणे व ती वाजवी.

येथे आमच्या मेळ्याची रीत सांगणे आवश्यक आहे. आमच्यात सूर आधी ठरवीत नाहीत. सर्वांत मोठी बाई गळा उघडते. तो ज्या ठिकाणी बसेल तोच त्या दिवसाचा सूर. मग तुणतुण्याची खुंटी पिळून तार त्या गळ्याला आणून मिळवतात. संबळवालाही तेच करतो. वाद्याने बाईपर्यंत यायचे, बाईने वाद्यापर्यंत जायचे नाही. शिवांजलीने हे एकदा पाहिले आणि तेच करू लागली. मी तोंड उघडले की ती सहाही खुंट्या पिळून गिटार माझ्या गळ्यावर लावून घेई. मोबाइल हाताशी असता तर सूर कोठे गेला आहे हे तिला त्यावर दिसले असते. तो नव्हता. तिच्या कानाला माझ्याच गळ्याची सवय झाली.

पुण्याला निघण्याच्या सकाळीही ती माझ्याकडे आली. मी गाणे म्हटले, तिने गिटार लावली, माझ्या पाया पडली आणि आईबरोबर सोलापूरच्या बसमध्ये बसली. त्या दिवशी माझे कशातच लक्ष लागले नाही. भाकरी तव्यावर करपली.

तेथे काय घडले ते महानंदाबाईंनी मला सांगितले. प्रथम शिवांजलीला एकटीने वाजवण्यास सांगितले. तिने माझे गाणे वाजवले. ऐकणारे तिघे होते. त्यांतील एका बाईंनी लिहिणे थांबवून मान वर केली. महानंदाबाईंना वाटले, झाले काम. त्यानंतर संस्थेच्या पेटीवाल्यासोबत वाजवायचे होते. पेटीचा पहिला सूर निघाला, गिटारीचा पहिला सूर निघाला, आणि दोन्ही एकमेकांना चिकटेनात. खोलीत बसलेल्या इतर मुलांनी एकमेकांकडे पाहिले.

"गिटार कोणत्या पट्टीत लावली आहे?" त्या बाईंनी विचारले.

"गजराआजींच्या," शिवांजलीने खरे ते सांगितले.

मुले हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेटीला मिळवून घेण्यास सांगितले. शिवांजली घाईने खुंट्या पिळू लागली. सर्वांत बारीक तार ताण न सोसून तुटली. जवळ दुसरी तार नव्हती. उरलेल्या पाच तारांवर तिने कसेबसे वाजवले. "एकटीचे वाजवणे आवडले. सोबतीचे पुन्हा ऐकायचे की नाही, ते कळवू," एवढेच सांगून त्यांनी पुढच्या मुलाला बोलावले.

परत आल्यावर ती वर्गात गिटारीशिवाय आली. येऊन बसे, उठे, खिडकीशी जाई, पुन्हा बसे. सिताबाई म्हणाली, "पोरी, बस की एका जाग्याला. तुझ्याकडं बघून माझं अक्षर वाकडं व्हायलंय."

"आधी लई सरळ होतं व्हय तुमचं?" शिवांजली फटकन बोलली.

मी म्हणाले, "कळवतो म्हणलेत ना? कळवतील."

तशी ती माझ्याकडे वळली. "काय कळवतील? तुमच्या गळ्यावर लावली आन् तिथं उघडी पडले मी. तुमचा गळा रोज कुठं बी बसतो, आजी. आज इथं, उद्या तिथं. बाहेर असं चालत न्हाय."

"शिवांजली, तोंड सांभाळ," महानंदाबाई ओरडल्या.

"बोलू द्या तिला," मी म्हणाले. "आमच्यात तसंच असतंय, बाळा. बाईचा गळा मोठा. वाद्यानं त्याच्याकडं यायचं."

"तिथं पेटी मोठी हाय. ती कुणाकडं येत न्हाय." असे म्हणून ती निघून गेली.

मला तिचा राग आला नाही. परंतु त्यानंतर घरी काम करताना मी गुणगुणू लागले की मध्येच थांबत असे व स्वतःचा गळा ऐकत असे. सकाळी तो एका ठिकाणी असे, दुपारी दुसऱ्या. इतकी वर्षे मी हे कधी तपासले नव्हते. लातूरला शिकवणी सुरू होण्याची तारीख जवळ येत होती.

मग महानंदाबाईंच्या मोबाइलवर निरोप आला की, सोबतीची परीक्षा पुन्हा घेतली जाईल. पुढच्या शुक्रवारी यावे.

मधल्या दिवसांत मी माझा बंद पडलेला पंखा घेऊन राजशेखर यांच्या दुकानात गेले. तेथे मोटारींच्या गर्दीत टेबलावर गिटार आडवी पडली होती. राजशेखर तांब्याची बारीक तार तुटलेल्या तारेच्या जागी ओवीत होते. मला पाहून ते दचकले.

"मावशी, घरी बोलू नका."

"बसंल का ती?"

"बसती. पन ताण धरंना. पिळंल तशी नुसती लांबत चाललीय." त्यांनी तार छेडून दाखवली. दोरी ओढावी तसा आवाज आला. "पाच हॉर्सपॉवरची मोटार फिरवती ही तार, आन् एक सूर धरंना."

"मुरुमात मिळत न्हाय व्हय तसली?"

"मुरुमात हिच्याशिवाय कोण वाजवतंय?" ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे जाणवून त्यांनी पक्कड उचलली. मग तांब्याची तार कापून टाकली.

दुसऱ्या दिवशी बेअरिंग आणण्याच्या निमित्ताने ते सोलापूरला गेले व तारांचा पूर्ण संच घेऊन आले. तो आणि ठेवून घेतलेला मोबाइल, दोन्ही त्यांनी मुलीसमोर ठेवले. महानंदाबाई सांगतात की ते एवढेच बोलले, "तार तुटली म्हणून हरले, असं मागनं म्हणू नगंस. हरायचंच तर सहा तारांवर हर."

दुसऱ्या वेळी पुण्याला तेच तिच्याबरोबर गेले. शिवांजलीची निवड झाली. लातूरची जागा त्यांनी सोडली. हे लिहीत असताना ती पुण्यात आहे आणि तिथेही स्वस्थ नाही. तिचा फोन येतो तेव्हा ती चालत बोलत असते, हे तिच्या श्वासावरून समजते. "आजी, इथं माझ्यापेक्षा भारी वाजवणारी लई पोरं हायत," असे ती सांगते. पुढे तिचे पोट गिटारीवर भरेल का, या राजशेखर यांच्या प्रश्नाचे उत्तर आजही कोणाजवळ नाही. दुकानात गिऱ्हाइकाने मुलीबद्दल विचारले तर ते "संगीत शिकतीय" असे सांगतात आणि लगेच मोटारीकडे वळतात.

एक प्रसंग सांगायचा राहिला आहे. दुसऱ्या वेळी पुण्याला जाण्याच्या आदल्या दुपारी ती माझ्या ओट्यावर आली. वर्गात बोललेल्या शब्दांचा तिने उल्लेख केला नाही व मीही केला नाही. तिने मोबाइल ओट्यावर ठेवला. एकेक तार छेडून ती त्यात पाहू लागली. सूर बरोबर आला की त्यात हिरवी खूण उमटे. सहाही तारा लावून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले. मी नेहमीप्रमाणे गळा उघडला. तो गिटारीच्या बराच खाली जाऊन बसला. माझ्याही ते लक्षात आले. सवयीने तिचा हात खुंटीकडे गेला, तेथे थोडा वेळ थांबला आणि मागे आला. मेळ्यात माझ्या गळ्याला कोणी कधी जागा बदलण्यास सांगितले नव्हते. तिने दोन्ही हात गिटारीवर ठेवले आणि म्हणाली,

"आजी, आज तुम्ही माझ्या सुरात या."