डाव्या स्टेअरिंगची जीप

अन्याय झाला तो अचलपूर तालुक्यातल्या एका ड्रायव्हरवर. कापसाचे ट्रक चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. केव्हा झाला, तर होळीच्या आधीच्या शुक्रवारी, भर दुपारी, आखातातल्या एका शहराबाहेरच्या गोल चौकात. त्याच्या पिकअपवर टँकर आदळला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. तो दवाखान्यात पोचायच्या आत त्याच्या तिथल्या मालकाने पोलिसांना सांगून टाकलं, "हा माझा ड्रायव्हर नाही. खजुराच्या बागेतला मजूर आहे. गाडी चोरून नेत होता."

म्हणजे ज्या माणसाला धड कूस बदलता येत नव्हती, तो चोर ठरला. दवाखान्यातून सुटला की सरळ तुरुंग.

वर्दी मी मुदतीआधीच उतरवली. आता परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी गावोगाव पत्रकं वाटत फिरते. लोक विचारतात, मॅडम, एवढा राग कशाचा? त्यांना मी हीच केस सांगते. नावं कोणाचीच सांगत नाही.

त्याची बायको ठाण्यात आली तेव्हा मी बंदोबस्ताची वाटणी करत होते. ठाणे अंमलदाराने तिला दारातच अडवलं. "बाई, घटना परदेशातली. आपली हद्द नाही."

ती हलली नाही. म्हणाली, "साहेब, हद्द तुमची नसन, नवरा तं माहा आहे ना?"

मी तिला आत बोलावलं. तिने मोबाईल पुढे केला. पलीकडे तिच्या नवऱ्याच्या खोलीत राहणारे अकोल्याचे एक चाचा होते, वयाने मोठे, तिथे वेल्डिंगचं काम करणारे. दवाखान्याच्या व्हरांड्यातून हळू आवाजात बोलत होते.

"बेटी, गलती हमारी भी है. फोन आला तं आमी खोलीवाले धावलो, त्याले उचललं अन् दुसऱ्या गाडीत टाकलं, आपल्याकडे टाकतात तसं. एकानं पाय धरले, एकानं खांदे. डॉक्टर ओरडला, म्हणे हलवाचंच नव्हतं, अँबुलन्स बोलवाची होती."

"मग तिथून सरळ दवाखान्यात नेलं?" मी विचारलं.

"कार्डच नाही ना! दवाखान्याचं कार्ड मालकानं बनवलंच नव्हतं. आधी खोलीवर नेलं. रात्रभर वरडला बिचारा. सकाळी म्हणलं, जेल झाली तं झाली, दवाखान्यात टाकू."

चाचांनी फोन पलंगाकडे नेला. नवरा बायकोला एकच वाक्य बोलला, "पोट्टीले सांगू नको." बायकोने मान हलवली आणि पदर तोंडात कोंबला. त्या दोघांकडे पाहून मी ठरवलं, हद्द गेली खड्ड्यात. फसवणूक कुठे झाली? माणूस पाठवला तिथे. आणि तो पाठवला गेला माझ्याच तालुक्यातून.

एजंटला बोलावलं. त्याला तिकडे पाठवणारा हाच. पांढरेशुभ्र कपडे, अत्तराचा वास, गावात ऊठबस. माणसं परदेशी पाठवायचा परवाना नाही, पण चार गावचे लोक त्याला भाऊ म्हणत. खुर्चीत बसला तो जावई बसतो तसा.

"मॅडम, मी त्याले शेतीकामाले पाठवलं. व्हिसावर तेच लिहेल आहे. ड्रायव्हिंगचा शब्दबी मी काढला नाही. तिथं जाऊन त्यानं कोणाची गाडी उचलली, त्याले मी काय करू?"

"तो जन्मभर ट्रक चालवतो आणि तुम्ही त्याला खजूर तोडायला पाठवलं?"

"त्याची मर्जी. अन् मले गाड्यातलं समजते काय? मले मोटरसायकलबी धड चालवता येत नाही. पोरगा मांगं बसवून फिरवते."

माझे हवालदार मिशीत हसले. त्याला ते दिसलं नाही. कागद त्याच्या बाजूने होता आणि ते त्याला ठाऊक होतं. मालक तिथे नेमकं हेच म्हणत होता. दोघांचं बोलणं शब्दाला शब्द जुळत होतं. खऱ्या साक्षीदारांचं इतकं कधी जुळत नाही. संशय पक्का झाला, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

बायकोचा जबाब पुन्हा घेतला. नोकरीत मी एक शिकले होते. माणसाला "काय झालं?" विचारलं की तो त्याला महत्त्वाचं वाटतं तेवढंच सांगतो. जे हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, ते गाळतो. म्हणून मी तिला म्हटलं, "एजंटला भेटायला गेलात त्या दिवसाचं सगळं सांगा. सकाळपासून. चहा कोणी केला इथपासून."

तिने सांगितलं. दसरा होता. एजंटने नवऱ्याला "ट्रायल"ला बोलावलं होतं, चांदूर रेल्वेकडच्या एका वावरात. सोयाबीन निघालं होतं, वावर मोकळं होतं. एजंट म्हणाला होता, वहिनीलेबी आणा, दसऱ्याची गाडीपूजा होऊन जाईल, शकुन चांगला.

"मग?"

"मंग काय? मी ताट घेऊन गेली. झेंडूचा हार घातला, नारळ फोडलं. स्टेअरिंगले हळदकुंकू लावाले उजवीकून गेली तं..." ती थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठांवर हसू आलं. "तं तिकून स्टेअरिंगच नाही! मी म्हणलं, अवो, या गाडीचं स्टेअरिंग कोण घेऊन गेलं? सारे हासले मले. ते डाव्या आंगाले होतं."

हवालदारांनी लिहिता लिहिता पेन उचललं.

आखातात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, म्हणून स्टेअरिंग डावीकडे असतं. शेतमजूर पाठवणाऱ्याला डाव्या स्टेअरिंगची जीप कशाला लागते?

स्टेअरिंग कोणी बदललं ते आधी शोधायचं होतं. हवालदार अचलपूरच्या गॅरेजांत फिरले, मग बडनेऱ्याला. शेवटी अकोल्याच्या एका मिस्त्रीने ओळखलं. त्याने हात पुसत सांगितलं, "लोक येतात, म्हणतात गाना लगा दो, लाइट लगा दो. हा एकच भाऊ आला, म्हणे स्टेअरिंग इकडून तिकडं कर. मी म्हणलं, कावून, उलट्या दुनियेत जाचं आहे काय? तो म्हणे, हो, तिथंच पाठवाचे आहेत पोट्टे."

जीप त्याच वावरात सापडली, गोठ्यामागे, ताडपत्रीखाली. वावर एजंटच्या साडूचं. पंचनाम्याला पंच हवेत म्हणून गावात माणूस पाठवला, तर अर्धं गाव जमलं. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला आणि मलाच समजावू लागला, "मॅडम, हे तं दुबईची जीप. आमच्या इकडं कोनत्याबी देशाले दुबईच म्हनतात. पोट्टे हिच्यावर चार चकरा मारतात अन् इमानात बसतात."

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"माईत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोनी इचारलंच नाही."

स्टेअरिंगच्या मधल्या खाचेत कुंकू अजून लाल होतं. बंपरला वाळक्या झेंडूचा दोरा लटकत होता.

जीप ठाण्याच्या अंगणात आणून ताडपत्री टाकून उन्हात उभी केली. एजंटला बोलावलं. तो आला तेव्हा मी फाटकाशीच होते. त्याच्या हातात किल्ली दिली आणि सहज म्हटलं, "भाऊ, तुमची गाडी वाटेत आहे. जरा सावलीत घ्या."

माणसाचं तोंड खोटं बोलतं, पायांना तेवढी सवड मिळत नाही. तो थेट डाव्या बाजूला गेला. ताडपत्री उचलली, दार उघडलं, आत बसला, किल्ली फिरवली. गाडी एका दमात निंबाखाली लावून उतरला.

हवालदार म्हणाले, "वा भाऊ! तुमाले तं मोटरसायकलबी येत नाही ना?"

मग तो बोलला. ड्रायव्हरचा व्हिसा निघायला वेळ लागतो, तिथली परीक्षा द्यावी लागते, तिथलं लायसन्स काढावं लागतं. शेतीचा व्हिसा लवकर निघतो. मालकाला ड्रायव्हर हवे होते आणि दोघांचं आधीच ठरलेलं होतं. "मॅडम, पोट्टे स्वतःच मांगं लागतात. मी नाही पाठवले तं दुसरा पाठवन."

"त्या वावरात गोल चौक होता का?"

वावरात गोल चौक कुठला? समोरून येणारी गाडी कुठली? त्याने त्या माणसाचे हात डावीकडे बसवले. डोळे मात्र इथलेच राहिले, कोणत्या बाजूने वळायचं, आधी कुठे पाहायचं, सगळं इथलंच. त्या चौकात तो आपल्या सवयीने वळला. पट्टा लावला नव्हता, तीही सवय इथलीच. लोक म्हणतात अपघात त्या शुक्रवारी झाला. मी म्हणते, तो दसऱ्याला झाला, सोयाबीनच्या वावरात, हार-नारळासकट. धडक तेवढी उशिरा बसली.

गुन्हा दाखल केला. बायकोचा, मिस्त्रीचा, गावकऱ्यांचा जबाब आणि जीपचा पंचनामा वरिष्ठांमार्फत आपल्या वकिलातीकडे गेला. मध्ये किती दिवस काहीच कळलं नाही. बायको रोज ठाण्यात यायची, बाकावर बसायची, काही न विचारता निघून जायची. मग एका दुपारी चाचांचा फोन आला. रडत होते. "बेटी, केस हटली. मालकानं लिहून दिलं, ड्रायव्हरच होता म्हणून. दवाखान्याचंबी तोच पाहून राहिला."

तो नागपूरला उतरला तो चाकाच्या खुर्चीत. आज काठी घेऊन चालतो. ट्रक पुन्हा चालवणार नाही. मधे भेटायला गेले तर अंगणात लेकीला सायकल शिकवत होता, ओट्यावर बसून, नुसत्या आवाजाने. "डावीकून चाल वं! डावीकून!" ती वैतागून म्हणाली, "बाबा, रोज तेच काय सांगता?" त्याने माझ्याकडे पाहिलं.

एजंट दुष्ट होता, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. या केसने मला दुसरंच शिकवलं. ती जीप आम्हाला ताडपत्रीखाली सापडली, पण लपलेली नव्हती. भरदिवसा अख्ख्या गावासमोर फिरत होती, आणि तिला गावाने लाडाचं नावही ठेवलं होतं.

"कोनी इचारलंच नाही," तो म्हातारा म्हणाला होता. ठीक आहे, आता मी विचारते, तुम्हालाच. तुमच्या शिवारात, पीक निघालेल्या मोकळ्या वावरात, अशी जीप फिरते का? तुमच्या घरातला कोणी तिच्यावर चार चकरा मारून निघाला आहे का? त्याच्या व्हिसावर काम कोणतं लिहिलंय ते आज संध्याकाळी त्याच्या तोंडून वाचून घ्या. तिथलं लायसन्स आणि दवाखान्याचं कार्ड हातात पडेपर्यंत स्टेअरिंगला हात लावणार नाही, असं त्याच्याकडून वदवून घ्या. आणि उद्या सकाळी जवळच्या ठाण्यात जा. अंमलदार हद्द सांगेल. दारातून हलू नका.