त्याच्या घराकडे बस जात नव्हती

राज्य वेगळं करायचं आंदोलन ऐन भरात होतं, तेव्हा मी तारनाक्याला घरी राहून सिव्हिल इंजिनिअरिंग करत होतो. आज बंद, उद्या रास्ता रोको, परीक्षा पुन्हा पुढे. एका सकाळी हॉस्टेलची मेस बंद झाली आणि मुलांना गावी जायला सांगितलं. करीमनगर, वरंगलची पोरं बॅगा उचलून गेली. मी हॉस्टेलवर मित्राकडे राहिलेली ड्रॉइंगची ट्यूब आणायला गेलो, तर आमच्या सर्व्हेच्या बॅचमधला सुदानी मुलगा पायरीवर, सुटकेसला टेकून बसलेला.

चहाच्या टपरीवर बसून बसून तो दखनी शिकला होता. म्हणाला, "सब घर कू जाओ बोल रै. मेरे घर कू बस नै जाती."

मी त्याला घरी आणला. आई सरकारी दवाखान्यात नर्स. ड्युटीवरून येऊन ती भाकरी थापत होती. तो चौकटीखालून वाकून आत आला आणि तिथंच थबकला. वास घेत म्हणाला, "अम्मा, ये तो हमारे घर का अनाज है!" त्याच्या गावीही ज्वारीच खात होते. फक्त त्याची आई तिची कागदासारखी पातळ पोळी करायची. आईनं त्याला नाव विचारायच्या आधी ताट वाढलं. चार भाकरी खाल्ल्या त्यानं, आणि पाचवीला लाजला.

तो माझ्या खोलीत राहू लागला. आमचे बाबा रेल्वेत कारकून, मुळात अबोल. पण संध्याकाळी टीव्हीवर राज्याच्या बातम्या लागल्या की ते त्याच्याशी बोलत. त्याच्या देशाचे त्याच सुमारास दोन देश झाले होते. बाबांनी विचारलं, "तुमच्याकडं तर झालं. मग पुढं काय होतं?"

तो म्हणाला, "बाजू के घरवाले हमारे मुल्क के दक्खन वाले हिस्से के थे, अब्बा. चले गए. उनकी खाट हमारे आंगन में रै गई. अम्मी उसपे किसी कू बैठने नै देती."

बाबांनी टीव्ही बंद केला.

आठवड्याभरात वरच्या मजल्यावरचे घरमालक खाली आले. निवृत्त मास्तर, एरवी सभ्य माणूस. दारातूनच म्हणाले, "बहनजी, ऐसे लोगां कू घर में कायकू रखे? गल्लीवाले पूछ रै."

आतल्या खोलीत तो आणि मी, दोघांनी ते ऐकलं. तो सुटकेसकडे वळला. मी त्याचा हात धरला.

आई काय बोलणार ते मला माहीत होतं. आम्ही मराठवाड्यातून इथं आलो तेव्हा दिलसुखनगरात किती दारं हिंडलो होतो! आधी आडनाव विचारायचे. आडनावानं कळलं नाही तर सामानातली बुद्धमूर्ती दिसायची, आणि खोली "कालच दुसऱ्याला दिली" असायची. ते अपमान आई कधी उगाळत नसे. त्या दिवशीही उगाळले नाहीत. एवढंच म्हणाली, "कॉलेज खुलने तक बच्चा यहींच रहेगा. तुमकू नै चलता तो हम दूसरा घर देखते."

मालकांना ते चाललं नाही. महिनाअखेरीस आम्ही घर सोडलं. नवं घर लहान होतं, नळ खाली अंगणात. तो गोदरेजचं कपाट बाबांबरोबर उचलताना सारखं म्हणत होता, "मेरी वजह से हुआ, अम्मा." शेवटी आई चिडली. "तुझ्यामुळं नाही रे बाबा! त्यांच्या डोक्यामुळं झालं. कपाट सरळ धर, आरसा फुटंल." मराठी त्याला तेव्हा कळत नव्हती, पण त्यानं कपाट सरळ धरलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढं कॉलेज उघडलं. तो हॉस्टेलला परत गेला, तरी रविवारी जेवायला यायचाच, हळूहळू मराठीही शिकला. राज्य झालं त्या वर्षी आम्ही पास झालो. तो मायदेशी परतला, रस्त्यांच्या कामावर लागला, लग्न केलं. ईदला आणि बुद्धपौर्णिमेला त्याचा फोन ठरलेला.

मग काही वर्षांनी त्याच्या शहरात लढाई पेटली आणि फोन लागेना. आई कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, "लागला का?" खूप दिवसांनी एका दुपारी त्याचाच फोन आला. सगळे सुखरूप होते, सरहद्द ओलांडून शेजारच्या देशात पोचले होते. आईनं त्याच्या आईला फोनवर बोलवायला लावलं. इकडून मराठी, तिकडून अरबी. मध्ये पडून तो अर्थ सांगायला लागला, तेव्हा दोघींनीही त्याला गप्प बसवलं आणि कितीतरी वेळ बोलत राहिल्या.